खुब्याचं हाड जुळत नाही तेव्हा: निदान, निर्णय आणि दुसरं ऑपरेशन

खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन होऊन चार महिने उलटलेत, जखम केव्हाच भरलीय, आणि तरीही पाय टेकला की जांघेत कळ येते. असा ज्येष्ठ रुग्ण ओपीडीत आला की ‘वय झालंय, वेळ लागायचाच’ हे वाक्य आम्ही आधी बाजूला ठेवतो. वयानं हाड जुळायला थोडा उशीर होतो हे खरं. पण इतक्या महिन्यांनी भार टाकताना जांघेत दुखणं वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. त्याचं कारण हाडात, स्क्रूत, सांध्यात किंवा जंतूंत कुठेतरी असतं. ते न शोधता केलेलं दुसरं ऑपरेशन बहुतेक वेळा पहिल्याच वाटेनं जातं.

सुरुवातीला जुन्या एक्स-रेवरून एवढंच बघायचं: मूळ फ्रॅक्चर नक्की कुठे होतं? ‘खुब्याचं फ्रॅक्चर’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी दुखणी येतात. मांडीच्या हाडाच्या मानेचं, म्हणजे नेकचं फ्रॅक्चर सांध्याच्या पिशवीच्या आत असतं. तिथे हाडावर जाड पेरिऑस्टियम, म्हणजे बाहेरचं आवरण, नसतं, त्यामुळे बाहेरून कॅलस (जोड भरणारं नवं हाड) धरत नाही. जे काही जुळायचं ते आतूनच. शिवाय बॉलला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला, रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात, आणि हाड सरकलं की त्याच तुटतात. म्हणून सरकलेल्या मानेचं फ्रॅक्चर वयस्कांमध्ये नुसत्या स्क्रूंनी धरलं तर न जुळण्याचं प्रमाण फार मोठं असतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ते ३३ टक्के होतं. त्याखालचा इंटरट्रोकँटरिक भाग, म्हणजे ट्रोकँटर नावाच्या दोन उंचवट्यांमधला, याच्या उलट. तिथलं हाड जाळीदार, रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथे नॉनयुनियन, म्हणजे हाड न जुळणं, क्वचित होतं आणि झालंच तर दोष बहुधा बसवण्यात असतो. आणखी खाली, सबट्रोकँटरिक, म्हणजे या उंचवट्यांखालच्या, पट्ट्यात हाड कठीण, रक्तपुरवठा कमी, आणि आतल्या बाजूनं प्रचंड दाब तर बाहेरच्या बाजूनं ताण. तिथे रॉडवर इतका भार येतो की हाड वेळेत जुळलं नाही तर रॉड तुटणारच.

किती काळानंतर ‘जुळलं नाही’ म्हणायचं? पुस्तकी व्याख्या नऊ महिन्यांची आहे, त्यात शेवटचे तीन महिने काहीच प्रगती नको. लांब हाडांसाठी ती ठीक. ज्येष्ठांच्या खुब्यासाठी नऊ महिने थांबणं म्हणजे स्नायू, भूक आणि धीर तिन्ही घालवणं. मानेच्या फ्रॅक्चरमध्ये तीन महिन्यांनी स्क्रू मागे सरकताना दिसले, बॉल खाली झुकत चालला, तर सहा महिने पूर्ण व्हायची वाट आम्ही बघत नाही. एक्स-रेची मालिकाच पुरेसं सांगते.

तपासणी विचारपूस करूनच सुरू होते. दुखतं कुठे, हे बोटानं दाखवायला सांगायचं. जांघेत बोट गेलं तर सांधा किंवा फ्रॅक्चर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, उठलेल्या जागी हात गेला तर स्क्रूचं डोकं टोचत असावं किंवा तिथली पिशवी सुजली असावी. मांडीच्या मध्यावर दुखत असेल तर रॉडचं टोक, किंवा त्याखाली नव्यानं पडणारी चीर. सर्वांत फसवी जागा गुडघा. खुब्याची आणि गुडघ्याची संवेदना काही अंशी एकाच नसेतून जाते, त्यामुळे खुबा बिघडलेला असताना रुग्ण गुडघा चोळत बसतो. हातात गुडघ्याचे एक्स-रे, गुडघ्याला पट्टा, गुडघ्यात इंजेक्शन घेऊन झालेलं, आणि खुब्याचा ताजा फोटोच नाही, असे रुग्ण येतात. झोपवून पाय हलकेच आतबाहेर फिरवला की खरं काय ते कळतं.

मग वेळेचा प्रश्न. ऑपरेशननंतर बरं चाललं होतं आणि अचानक ‘कट्’ होऊन दुखायला लागलं, तर इम्प्लांट तुटलं किंवा निसटलं असं धरून चालायचं. पहिल्या दिवसापासून कधीच आराम पडला नाही, रात्री पडल्यापडल्याही ठणकतं, जखमेतून मध्यंतरी पाणी येत होतं आणि ‘गोळ्यांनी थांबलं’, तर संसर्गाचा संशय वरच्या क्रमांकावर. उठताना पहिली चार पावलं दुखतात आणि मग जरा सैल पडतं, असं सांगितलं की काहीतरी ढिलं झालेलं असतं.

पायाची लांबी टेपनं मोजावी, नजरेनं नव्हे. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, दोन्ही पाय सारख्या स्थितीत ठेवून. उभं राहता येत असेल तर आखूड पायाखाली ठोकळे ठेवून कंबर सरळ करायची आणि ठोकळ्यांची उंची लिहून ठेवायची. ऑपरेशनच्या आराखड्यात हा आकडा लागतो. गुडघा सरळ ठेवून पाय बिछान्यावरून उचलता येतो का, हेही पाहायचं. उचलता येतो म्हणून हाड जुळलं असं मात्र होत नाही. तंतुमय गाठीनं धरलेलं नॉनयुनियनही पाय उचलू देतं.

आता फोटो. बऱ्याच वेळा निदान चुकतं ते एक्स-रे वाचण्यात नाही, काढण्यात. पाय बाहेर वळलेला असताना काढलेल्या फोटोत मान आखूड दिसते आणि फ्रॅक्चरची रेघ हाडाच्या सावलीत लपते. पाय साधारण १५ अंश आत वळवून समोरून एक, चांगला पाय वर उचलून आडवा एक, दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा पेल्व्हिसचा एक, आणि गुडघ्यापर्यंतच्या संपूर्ण मांडीचा एक. पेल्व्हिसच्या फोटोत चांगली बाजू तुलनेला मिळते, मांडीच्या फोटोत रॉडच्या टोकाखालचं हाड आणि त्याचा बाक दिसतो.

फोटोत रेघ शोधण्याआधी आम्ही बदल शोधतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो एका बाजूला, आजचा दुसऱ्या बाजूला. स्क्रूंची डोकी हाडापासून किती बाहेर आली? स्क्रूचं टोक बॉलमध्ये तेव्हा होतं तिथेच आहे का, की सांध्याच्या जवळ सरकलंय? मान आणि मांडी यांच्यातला कोन कमी झाला का? स्क्रूभोवती काळी किनार दिसते का? ती दिसली तर स्क्रू हाडात हलतोय. इम्प्लांट हलत असेल तर हाड जुळलेलं नाही, मग फोटोत रेघ दिसो न दिसो.

पहिल्या दिवशीचा फोटो आणखी एक गोष्ट सांगतो: हे बसवलेलं टिकणार होतं का? डीएचएस (बाहेरून प्लेट आणि स्क्रू) किंवा पीएफएनच्या (हाडाच्या पोकळीतला रॉड) लॅग स्क्रूचं, म्हणजे बॉलमध्ये जाणाऱ्या जाड स्क्रूचं, टोक बॉलच्या शिखरापासून किती दूर आहे, हे समोरच्या आणि आडव्या अशा दोन्ही फोटोंत मोजून बेरीज करतात. याला टिप-ॲपेक्स अंतर म्हणतात. फोटोतला मोठेपणा वजा करून ही बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असावी, असं १९९५ पासून शिकवलं जातं. ती त्याहून बरीच जास्त असेल, किंवा स्क्रू बॉलच्या वरच्या-पुढच्या कोपऱ्यात बसला असेल, तर तो हाड फोडून वर निघणं ओघानं आलंच. मानेतल्या तीन कॅन्युलेटेड (आतून पोकळ) स्क्रूंचं पाहायचं तर, खालचा स्क्रू मानेच्या खालच्या कठीण काठावर टेकलेला हवा, मागचा मागच्या काठाजवळ हवा, आणि सगळ्यांचे आटे फ्रॅक्चरच्या पलीकडे, पूर्णपणे बॉलमध्ये हवेत. आटे रेघेवरच अडकले असतील तर ते दोन तुकड्यांना जवळ येऊ न देता दूरच धरून ठेवतात. आणि फ्रॅक्चरची रेघ जितकी उभी, तितका भार तुकडे घसरवण्यात जातो. ५० अंशांहून उभ्या रेघेला पहिल्यापासूनच धोक्याची समजावी.

फोटोवर शंका उरली तर सीटी, धातूची चमक कमी करणाऱ्या सेटिंगवर. चार बाजूंपैकी किती बाजूंनी हाड पूल बांधून पलीकडे गेलंय हे त्यात मोजता येतं. कुठल्या तरी एका कापात थोडं हाड दिसलं म्हणून रिपोर्टात ‘जुळत आहे’ असं येतं, ते तसंच उचलू नये. सगळे काप स्वतः पाहावेत. एक्स-रेवरच गुण देण्याची रश नावाची पद्धत आहे, १० ते ३० गुणांची. सहा महिन्यांनी १८ पेक्षा कमी गुण आले तर नॉनयुनियन जवळजवळ नक्की. बॉल जिवंत आहे का याची शंका असेल तर एमआरआय, पण स्टीलच्या स्क्रूभोवती त्यात फारसं काही दिसत नाही. टायटॅनियम असेल तर थोडं बरं. आणि बॉल बदलायचाच असं ठरलं असेल तर हा तपास करून निर्णयात फरक पडत नाही, रुग्णाची फरफट मात्र होते.

हाड जुळलेलं असूनही दुखतं, असेही रुग्ण असतात. कंबरेतून येणारं दुखणं, बॉल सुकणं, पेल्व्हिसला किंवा सेक्रमला ठिसूळपणामुळे पडलेली बारीक चीर. कोडं सुटत नसेल तर सी-आर्मखाली (हलत्या एक्स-रे यंत्राखाली) सांध्यात भूल देणारं औषध सोडून रुग्णाला चालवून पाहावं. दुखणं तासाभरापुरतं गेलं तर उगम सांध्यातच आहे.

संसर्गाकडे आम्ही जरा हट्टानं पाहतो. खुब्यात बसवलेलं काहीही निसटलं की संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरायचं. ऑपरेशननंतर सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाऊन साधारण तीन आठवड्यांत खाली येतो. ईएसआर या तशाच दुसऱ्या आकड्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून चार महिन्यांनी सीआरपी वाढलेला असेल तर दुसरं कारण मिळेपर्यंत संसर्गाकडेच बोट दाखवायचं. लघवीचा जंतुसंसर्ग, छाती, बेडसोर हीसुद्धा कारणं असू शकतात, तीही तपासायची. उलट सीआरपी नॉर्मल आला म्हणून सुटका होत नाही, कारण मंद जंतू रक्तात फारशी खूण सोडत नाहीत. संशय असेल तर अँटिबायोटिक किमान दोन आठवडे बंद ठेवून सांध्यातलं पाणी काढून तपासायला द्यायचं. ‘मधेच चार दिवस गोळ्या घेतल्या’ हे अनेकदा विचारल्याशिवाय कळत नाही, आणि त्या चार दिवसांनी कल्चर कोरं येतं.

ऑपरेशनच्या वेळी खोल भागातून पाच नमुने, प्रत्येकाला वेगळं स्वच्छ हत्यार आणि वेगळी बाटली. कापसाच्या काडीनं पुसून घेतलेला नमुना उपयोगाचा नाही. फ्रॅक्चरच्या रेघेतलं मांस, इम्प्लांटभोवतीचा पडदा, हाड असं हवं. दोन वेगळ्या नमुन्यांत तोच जंतू आला तर संसर्ग पक्का. लॅबला १४ दिवस कल्चर ठेवायला लेखी सांगायचं, नाहीतर ते पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ म्हणून बंद करतात. एक तुकडा पॅथॉलॉजीला हवाच, तोही जंतूंसाठीच नव्हे. किरकोळ धक्क्यानं मोडलेलं आणि नंतर न जुळणारं हाड कधी मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) किंवा दुसरीकडून पसरलेला कर्करोग असतो. इम्प्लांटच्या खाली हाडात पोकळी वाढताना दिसली, हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं, कॅल्शियम चढलं, तर आधी रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायची, मग ऑपरेशनची तारीख द्यायची.

बसवण्यात दोष नाही आणि जंतूही नाहीत, तर शरीराकडे वळावं. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड, एचबीए१सी, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, इतक्या तपासण्या एकाच वेळी रक्त काढून होतात. डी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आठवड्याला एकदा ५०,००० ते ६०,००० युनिट, असं आठ आठवडे, आणि मग पुन्हा तपासणी. यात एक चूक हमखास होते: आठवड्याची पुडी घरी रोज दिली जाते. म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहावं. कॅल्शियम आहार धरून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम, मूत्रपिंड ठीक असेल तर. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असलेल्या माणसाची जखमही नीट भरत नाही, हाड तर लांबची गोष्ट. तंबाखू कुठल्याही रूपात असो, बंद. स्टिरॉइड आणि रोजच्या वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब घ्यायचा.

एवढं झाल्यावर निर्णय. घरची मंडळी इथे साहजिकच विचारतात, ‘हाड जुळायचं औषध नाही का?’ टेरिपॅराटाइडचं रोज २० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन ठिसूळपणासाठी आहे. नॉनयुनियनसाठी ते काही ठिकाणी जोडीला दिलं जातं, पण हलणारं इम्प्लांट ते घट्ट करत नाही. जिथे मोडतोड यांत्रिक आहे तिथे उपायही यांत्रिकच लागतो. पूर्वी त्या भागाला रेडिएशन दिलं असेल किंवा कॅल्शियम चढलेलं असेल तर हे औषध द्यायचंच नाही.

वयस्कांमध्ये दुसऱ्या ऑपरेशनची निवड आमच्या मते एका प्रश्नावर ठरते: उद्या सकाळी या पायावर पूर्ण भार टाकता येईल का? तरुण माणसाला ‘दोन महिने अर्धंच वजन टाक’ सांगता येतं. सत्तरीपुढच्या माणसाला हातांत तेवढी ताकद नसते, तोल नसतो, आणि अर्धं वजन म्हणजे किती हे पायाला कळत नाही. तो एकतर पूर्ण भार टाकतो, नाहीतर पलंगच सोडत नाही. पहिल्यात इम्प्लांट जातं, दुसऱ्यात माणूस. म्हणून जो इलाज ‘सांभाळून चाला’ या अटीवर उभा आहे, तो कागदावर कितीही देखणा असला तरी आमच्या यादीत खाली जातो.

मानेच्या नॉनयुनियनमध्ये त्यामुळे उत्तर बहुधा सांधा बदलणं हेच. फिरता, बोलता, स्वतःचं स्वतः करणारा रुग्ण असेल, किंवा स्क्रूच्या टोकानं सॉकेटचं कूर्चा खरवडलेलं असेल, तर टोटल हिप, म्हणजे बॉल आणि सॉकेट दोन्ही बदलणं. घरातल्या घरात चालणारा, सॉकेट चांगलं असलेला, थकलेला रुग्ण असेल तर नुसता बॉल, म्हणजे हेमीआर्थ्रोप्लास्टी. ऑपरेशन छोटं, निखळण्याचा धोका कमी. हाड तिरकं कापून उभ्या रेघेला आडवी करण्याची, म्हणजे व्हॅल्गस ऑस्टिओटॉमीची पद्धत चांगली आहे, पण ती जिवंत बॉल, चांगलं हाड आणि महिनोन्‌महिने थांबू शकणारा रुग्ण मागते. साठीच्या आतल्यांसाठी तिचा विचार व्हावा, त्यापुढे क्वचित.

इंटरट्रोकँटरिकमध्ये आधी बॉलमधलं हाड बघायचं. स्क्रूनं तिथे मोठी पोकळी केली नसेल आणि सांधा शाबूत असेल तर पुन्हा बसवता येतं: वाकलेला कोन सरळ करून, जरासा जास्तच व्हॅल्गसमध्ये, म्हणजे कोन मोठा होईल असा, नेऊन, नवा स्क्रू किंवा ९५ अंशांची ब्लेड प्लेट बॉलच्या खालच्या, अजून न वापरलेल्या हाडात. जुन्याच भोकात जाड स्क्रू घालणं म्हणजे निसटण्याची तारीख पुढे ढकलणं. बॉलची चाळण झाली असेल तर सांधा बदलायचा, आणि तिथे साधा स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात जाणारा दांडा, पुरत नाही. आतल्या बाजूचं कॅल्कार हाड गेलेलं असतं, ते भरून काढणारा लांब स्टेम मागवून ठेवावा लागतो.

सबट्रोकँटरिक जागा मात्र बॉल बदलून सुटत नाही. तिथे तुटलेला रॉड काढून, हाडाचा कालवा (आतली पोकळी) घासून १ ते २ मिलिमीटर जाड रॉड घालायचा, कोन सुधारायचा, गरजेप्रमाणे कमरेच्या हाडाचं ग्राफ्ट द्यायचं. दोन गोष्टी विसरू नयेत. ठिसूळपणासाठी वर्षानुवर्षं बिसफॉस्फोनेट घेणाऱ्यांत बाहेरच्या काठाला चोचीसारखा उंचवटा येऊन आडवं, स्वच्छ रेघेचं फ्रॅक्चर होतं आणि ते जुळायला फार उशीर लावतं. ते औषध थांबवायचं, आणि दुसऱ्या मांडीचा पूर्ण एक्स-रे त्याच दिवशी काढायचा. तिकडेही तशीच चीर वाट पाहत असू शकते.

ऑपरेशनचा बराचसा भाग आदल्या दिवशी होतो. जुनं ऑपरेशन नोट आणि इम्प्लांटचं स्टिकर मिळवायचं, कारण स्क्रूच्या डोक्याचा खाचा कंपनीप्रमाणे बदलतो. चुकीच्या मापाचा पेचकस एकदा घसरला की खाचा गोल होतो, आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं. तुटलेल्या स्क्रूसाठी पोकळ ट्रिफाइन, उलट आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर, तुटलेल्या रॉडच्या खालच्या तुकड्यासाठी आकडा, तारा आणि केबल, लांब स्टेम, ड्युअल मोबिलिटी कप (सहज न निखळणारं सॉकेट), सगळं टेबलाशेजारी हवं. रक्ताची सोय, चीर देण्याआधी रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, धोका नसेल तर. संसर्गाचा दाट संशय असेल तर नेहमीचं अँटिबायोटिक नमुने हातात आल्यावरच.

रॉड काढताना क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या तोंडावर वाढलेलं हाड साफ करून एक्स्ट्रॅक्टर रॉडमध्ये पक्का फिरवायचा, मग आतला लॉक सैल करून लॅग स्क्रू, मग खालचा लॉकिंग स्क्रू, शेवटी रॉड. स्क्रू आधी काढले तर रॉड कालव्यात फिरतो आणि त्याचं तोंड सापडत नाही. प्रत्येक स्क्रूच्या खाचातलं मांस टोकदार पिकनं खरवडून काढल्याशिवाय पेचकस लावायचा नाही. आणि सांधा आखडलेला असेल तर आधी तो चौफेर मोकळा करून निखळवून घ्यायचा, प्लेट नंतर काढायची. प्लेट काढली की हाडात उघडी भोकं राहतात. त्यानंतर पाय पिळला तर मांडी त्या भोकांतूनच मोडते.

स्टेम घालताना जुन्या स्क्रूच्या वाटेवर हाड कठीण, पांढरं झालेलं असतं. रीमर (पोकळी घासणारं हत्यार) त्यावर आपटून बाजूला वळतो आणि पातळ काठातून बाहेर निघतो. ती भिंत आधी ड्रिलनं किंवा बरनं फोडायची, सी-आर्मवर दोन्ही दिशांनी खात्री करायची. स्टेमचं टोक सर्वांत खालच्या भोकाच्या पलीकडे हाडाच्या रुंदीच्या दुप्पट तरी जायला हवं. सिमेंट वापरत असू तर ते भोकांतून बाहेर पळतं आणि दाब बसत नाही. म्हणून सहायक बोटांनी भोकं दाबून धरतो, किंवा बॉलमधलंच हाड कुटून त्यात भरतो. सिमेंट भरण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना मोठ्यानं सांगायचं. वयस्कांत त्या क्षणी रक्तदाब आणि ऑक्सिजन कोसळू शकतो, तेव्हा कालवा नीट धुऊन, कोरडा करून मगच सिमेंट.

सॉकेटकडे वळलं की हात हलका. महिनोन्‌महिने भार न पडल्यानं ते हाड पावासारखं मऊ झालेलं असतं. रीमर जोरात धरला तर आतली भिंत पार होते. निखळण्याचा धोका पहिल्यांदा बदललेल्या सांध्यापेक्षा इथे जास्त, कारण स्नायू आखडलेले आणि ट्रोकँटर कधी सुटा असतो. म्हणून ड्युअल मोबिलिटी कप किंवा मोठा बॉल. लहान ट्रोकँटर जागेवर नसतो तेव्हा स्टेम किती वळवायचा हे गुडघ्याकडे पाहून ठरवायचं, साधारण १५ अंश पुढे. पाय एकदम चार सेंटिमीटरच्या वर लांबवला तर सायटिक नस ताणली जाते. थोडा आखूड पाय आणि बुटात उंची हे लुळ्या पावलापेक्षा कितीतरी बरं.

पू दिसला तर बेत बदलतो. इम्प्लांट आणि मेलेलं हाड काढून, धुऊन, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा. ४० ग्रॅम सिमेंटला व्हँकोमायसिन २ ते ४ ग्रॅम, पावडर स्वरूपात, बरोबर जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन. इतकं औषध घातलेलं सिमेंट कच्चं होतं, त्यामुळे ते स्पेसरलाच. कायमचा स्टेम त्यावर बसवायचा नाही. जंतूनुसार अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे, मूत्रपिंडावर लक्ष ठेवून, आणि जखम शांत व सीआरपी खाली आल्यावर दुसरा टप्पा.

ऑपरेशन न करणंही कधी बरोबर असतं. आधीपासून अंथरुणावर, स्मृतिभ्रंश पुढे गेलेला, हलवताना फारसं दुखत नसलेला रुग्ण असेल तर गाठीसारखं धरलेलं नॉनयुनियन तसंच ठेवून दुखणं आणि बेडसोर सांभाळता येतात. संसर्ग असेल आणि दोन टप्प्यांची ताकद नसेल तर बॉल काढून तसंच ठेवायचं, त्याला गर्डलस्टोन म्हणतात. पाय आखूड होतो, चालायला वॉकर लागतोच, पण बसता येतं आणि पू थांबतो.

सांधा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी उभं करायचं, वॉकरवर, पूर्ण भार. ट्रोकँटर तारांनी बांधला असेल तर सहा आठवडे पाय स्वतःच्या जोरानं बाजूला न्यायचा नाही. हे घरच्यांना आणि फिजिओथेरपिस्टला दोघांनाही लिहून द्यायचं, कारण बाजूला पाय उचलण्याचा व्यायाम हा त्यांचा नेहमीचा पहिला व्यायाम असतो. रक्त गोठू नये म्हणून औषध ३५ दिवसांपर्यंत. खुर्ची उंच, संडासला उंच सीट, रात्री जाण्याच्या वाटेवर दिवा.

टाके निघाल्यावर एक काम राहतं, आणि ते इतकं वेळा राहून जातं की आम्ही डिस्चार्ज कार्डावरच तारीख घालतो. हाड आधी ठिसूळ होतं म्हणून मोडलं. दुसरा खुबाही तितकाच ठिसूळ आहे. डेक्सा (हाडाच्या घनतेची तपासणी), आणि डी भरून निघाल्यावर, कॅल्शियम नॉर्मल असताना, झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून वर्षाला एकदा. ते फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे टाळायचं, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर द्यायचंच नाही, आणि ॲटिपिकल, म्हणजे वर सांगितलेलं आडव्या रेघेचं, फ्रॅक्चर झालेल्यांना हा बिसफॉस्फोनेट गटच नको. टेरिपॅराटाइड चालू असेल तर ते सहसा दोन वर्षांपर्यंतच. संपल्यावर लगेच हाडाची झीज थांबवणारं दुसरं औषध सुरू करायचं, नाहीतर कमावलेलं हाड वर्षभरात ओसरतं. तारांनी बांधलेल्या ट्रोकँटरचे फोटो सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्षाला. तार तुटलेली दिसली आणि रुग्ण न लंगडता चालत असेल तर तिला हात लावायचा नाही. तुकडा वर सरकून लंगडणं वाढत असेल तर मात्र पुन्हा बसून ठरवावं लागतं.